नाचून पोट भरते काय?

(आकाशवाणीवरील भाषण)

श्रोतेहो, शाळा सुरू होऊन आठ दिवस झाले असतील नसतील, तोच दहावीतील एका मुलाचे वडील मला भेटावयास आले. बेळगावच्या उद्यमबागेतील एका फाउंड्रीत ते मोल्डिंगचे काम करतात. पाळी संपवून तसेच आले होते. हातावरची काळी वाळू पुरती धुतली गेली नव्हती. खुर्चीच्या कडेवर बसून त्यांनी एकच प्रश्न विचारला, "बाई, पोरगं म्हणतंय हिप-हॉप नाचणार, आणि पुढं तेच शिकवणार. नाचून पोट भरतंय काय वो?"

मी त्यांच्याकडे आठ दिवसांची मुदत मागितली. शिक्षिकेने पालकाकडे मुदत मागावी, हे त्यांना चमत्कारिक वाटले असावे. परंतु त्याला कारण होते. सतरा वर्षांपूर्वी हाच प्रश्न एका आईने मला विचारला होता आणि मी त्याचे उत्तर तत्काळ दिले होते. तिच्या मुलाचा नाच मी स्नेहसंमेलनात एकदाच पाहिला होता. त्या विद्येविषयी मला काहीही ठाऊक नव्हते. आणि काहीही ठाऊक नसताना माणूस जितक्या ठामपणे बोलतो तितक्या ठामपणे मी सांगितले, की हे वेड आहे, दोन वर्षांत जाईल, मुलाला आयटीआयला घाला. त्यांनी त्याला आयटीआयला घातले. आज तो एका कारखान्यात लेथ चालवतो. गेल्या वर्षी तो मला बाजारात भेटला. त्याने वाकून नमस्कार केला आणि आपल्या लहान मुलीला सांगितले, "या माझ्या बाई." त्याच्या मनात माझ्याविषयी राग नाही. राग असता तर बरे झाले असते, असे मला त्या वेळी वाटून गेले.

म्हणून या खेपेस मी आधी विचारपूस केली, वाचले, पाहिले. त्यातून जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवीत आहे. कारण हा प्रश्न आता केवळ बेळगावातील एका बापाचा राहिलेला नाही. इंदूर असो, बडोदे असो वा पणजी, संध्याकाळी एखाद्या सभागृहात तीस मुले कर्ण्यासमोर नाचत असतात आणि तीस घरांत हा प्रश्न कोणीतरी मनात धरून बसलेले असते.

हिप-हॉप हा अमेरिकेच्या न्यूयॉर्क शहरातील ब्राँक्स या भागाचा वारसा आहे. त्या भागाची तेव्हाची स्थिती मोठी शोचनीय होती. शहराच्या मधोमध रुंद महामार्ग काढताना हजारो कुटुंबे उठवली गेली होती. रिकाम्या इमारतींना आगी लागत होत्या. राहिले होते ते बहुतेक कृष्णवर्णीय आणि पोर्टो रिकोतून आलेले गरीब लोक. तेथे ११ ऑगस्ट १९७३ रोजी सेजविक अव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीच्या सामायिक खोलीत नाचगाण्याचा एक कार्यक्रम झाला. जमैकाहून लहानपणी आलेला क्लाइव्ह कॅम्पबेल हा अठरा वर्षांचा तरुण तेथे तबकड्या वाजवीत होता. जग त्याला डीजे कूल हर्क या नावाने ओळखते. हिप-हॉपचा जन्मदिवस म्हणून हाच दिवस मानला जातो.

त्या रात्रीविषयी वाचताना एका तपशिलावर माझी नजर थांबली. कार्यक्रम भरवला होता तो हर्कच्या बहिणीने, सिंडीने. शाळा सुरू व्हायची होती आणि तिला नवे कपडे घ्यावयाचे होते. त्यासाठी दारावर मुलींकडून २५ सेंट आणि मुलांकडून ५० सेंट घेतले गेले. म्हणजे ज्या कलेविषयी आपण पोटाचा प्रश्न विचारतो, तिच्या पहिल्याच रात्री दाराशी पैशाचा डबा होता, आणि तो डबा शाळेच्या कपड्यांसाठी होता. कला आणि उपजीविका यांची तेथे कधी फारकत झालीच नव्हती.

हर्कने एक गोष्ट हेरली होती. गाण्यात मध्येच गायक थांबतो, इतर वाद्ये थांबतात आणि काही क्षण केवळ ढोलताशाचा ठेका उरतो. त्याला ‘ब्रेक’ म्हणतात. नाचणारी मुले त्या क्षणाची वाट पाहत उभी राहतात आणि तो येताच मैदानात उतरतात, हे त्याच्या ध्यानात आले. मग त्याने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या शेजारी ठेवल्या. एकीवरचा ठेका संपत आला की दुसरीवरचा सुरू करायचा, तोवर पहिली मागे फिरवून घ्यायची. काही क्षणांचा ठेका असा हवा तेवढा लांबवता येऊ लागला. त्या ब्रेकवर नाचणारे ते बी-बॉय आणि बी-गर्ल. पायांवर उभ्याने केलेला नाच, मग हात जमिनीला टेकवून भोवती फिरवलेले पाय, मग खांद्यावर वा डोक्यावर गरगर फिरणे आणि अखेर एखाद्या अवघड स्थितीत एकाएकी गोठून राहणे, असे त्याचे अंग हळूहळू सिद्ध झाले.

सगळेच ब्राँक्समध्ये घडले असे मात्र नाही. ज्याला ‘लॉकिंग’ म्हणतात तो प्रकार लॉस एंजेलिसमध्ये डॉन कॅम्पबेल या तरुणाने १९७० च्या सुमारास काढला. त्या वेळचा एक प्रचलित नाच त्याला नीट जमत नव्हता. हात मध्येच अडकत आणि सोबती हसत. त्याने ते अडकणेच पक्के केले. ज्याला ‘पॉपिंग’ म्हणतात, म्हणजे स्नायू क्षणभर आवळून सोडल्याने अंगाला बसणारे झटके, तो प्रकार फ्रेस्नो या गावच्या बूगालू सॅम याने आणि त्याच्या मंडळीने रूढ केला. डॉन कॅम्पबेलची हकीगत वाचताना मला माझ्या लाल शाईची आठवण झाली. आम्ही शिक्षक चूक दिसली की तिच्याखाली रेघ मारतो. क्वचित एखादी चूक नवी वाट असते, हे ओळखण्याची सवय आमच्या हाताला नाही.

आता उपजीविकेकडे वळू. १९७७ मध्ये ब्राँक्समध्ये ‘रॉक स्टेडी क्रू’ हा संघ निघाला. १९८३ च्या ‘फ्लॅशडान्स’ या चित्रपटात त्याच्या मुलांचे नाच अगदी थोडा वेळ दिसले आणि जगभर एकच लाट उसळली. जाहिराती आल्या, चित्रपट आले. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकच्या समारोपातही हा नाच झाला. आणि दोनतीन वर्षांतच लाट ओसरली. धंदेवाल्यांनी दुसरी टूम शोधली. काल ज्यांना विमानाने नेले जात होते, त्यांतील कित्येकांना आज बोलावणारे कोणी उरले नाही. ‘दोन वर्षांत जाईल’ हे माझे सतरा वर्षांपूर्वीचे भाकीत अमेरिकेतील मोठमोठ्या लोकांनीही त्या वेळी केले होते.

परंतु नाच गेला नाही. तो टिकला कसा, हे पाहू गेल्यास आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते. ज्यांनी तो दुसऱ्याला शिकवला, त्यांच्यामुळे तो टिकला. युरोपात आणि जपानात त्याचे शिष्य तयार झाले. जर्मनीत १९९० पासून संघांची मोठी स्पर्धा भरू लागली. टूम ओसरली, पण विद्या राहिली. कारण टूम गिऱ्हाइकांवर जगते आणि विद्या शिष्यांवर.

याचे एक उत्तम उदाहरण म्हणजे फिलाडेल्फिया शहरातील रेनी हॅरिस. त्यांचा जन्म १९६४ चा. शहराच्या उत्तर भागातील कृष्णवर्णीयांच्या वस्तीत ते वाढले. कोणत्याही नृत्यशाळेत न जाता गल्लीत नाच शिकले, सोबत्यांसह ‘स्कॅनर बॉइज’ हा संघ काढला आणि १९८४ मध्ये ‘फ्रेश फेस्टिव्हल’ या हिप-हॉपच्या मोठ्या दौऱ्यात अमेरिकाभर नाचले. इथपर्यंतची कथा त्या पिढीतील अनेकांची आहे. हॅरिस यांचे वेगळेपण असे, की वयाच्या पंधराव्या वर्षापासूनच ते शिकवीतही होते. नाचणे आणि शिकवणे ही त्यांची दोन वये नव्हती; दोन पाय होते.

१९९२ मध्ये त्यांनी ‘प्युअरमूव्हमेंट’ ही नृत्यमंडळी स्थापन केली. गल्लीतला नाच रंगमंचावर आणताना त्याला एखादी कथा, एखादे दुःख, एखादा विचार पेलता येतो की नाही, हे त्यांना पाहावयाचे होते. २००० मध्ये त्यांनी ‘रोम अँड ज्युएल्स’ हे नृत्यनाट्य बसवले. आधार शेक्सपिअरच्या रोमिओ आणि ज्युलिएटचा. दोन वैरी घराण्यांच्या जागी नाचणाऱ्यांचे दोन संघ आले, आणि ज्युलिएट रंगमंचावर दिसतच नाही. ती नायकाच्या बोलण्यातून आणि नाचण्यातूनच प्रेक्षकांनी ओळखावयाची. जी मुले केवळ एकमेकांना हरवण्यासाठी नाचत होती, ती आता न दिसणाऱ्या मुलीसाठी नाटक उभे करू लागली. नर्तक आणि नृत्यरचनाकार यांत फरक आहे तो हाच. नर्तक आपल्या अंगाने बोलतो. रचनाकाराला दुसऱ्याच्या अंगाने बोलावे लागते.

याच काळात त्यांनी फिलाडेल्फियात एक उत्सव सुरू केला. लॉकिंग, पॉपिंग, ब्रेकिंग ज्यांनी घडवले त्या वडीलधाऱ्यांना तेथे बोलावून तरुणांना त्यांच्याकडून थेट शिकण्याची सोय केली. ज्यांना बाजाराने अडगळीत टाकले होते, ते पुन्हा गुरू म्हणून उभे राहिले. विद्यापीठे हॅरिस यांना शिकवावयास बोलावू लागली. अखेर आल्व्हिन एली यांनी १९५८ मध्ये स्थापन केलेल्या जगद्विख्यात नृत्यमंडळीने आपल्या साठाव्या वर्षी, २०१८ मध्ये, त्यांच्याकडून एक रचना बसवून घेतली. त्या मंडळीच्या इतिहासातील ती पहिली दोन अंकी रचना. तिचे नाव ‘लॅझरस’.

चार दिवस कबरेत असलेल्या लाझरसला प्रभू येशूने हाक मारून बाहेर बोलावले, ही संत योहानाच्या शुभवर्तमानातील कथा मी लहानपणापासून चर्चमध्ये ऐकत आले आहे. या वेळी ते नाव वाचले आणि मला लेथवर काम करणारा माझा विद्यार्थी आठवला.

श्रोतेहो, ही झाली दूरच्या एका थोर माणसाची गोष्ट. असे भाग्य शेकड्यात एखाद्याचे, असे कोणी म्हणेल आणि ते खोटे नाही. म्हणून मी आमच्या गावातील तीन नृत्यशिक्षकांना जाऊन भेटले. त्यांच्याकडून या व्यवसायाचा जो हिशेब समजला, तो पालकांनी ऐकावा असा आहे.

पहिला हिशेब शरीराचा. केवळ नर्तक म्हणून मिळवण्याची वर्षे थोडी. मनगट, खांदा, गुडघा आणि कंबर ही या नाचाची भांडवली सामग्री. तिची झीज होते. डोक्यावर फिरणाऱ्यांच्या तर टाळूवरचे केस जातात. डेन्मार्कमधील एका नर्तकाच्या टाळूवर वर्षानुवर्षांच्या अशा फिरण्याने गाठ वाढली आणि ती शस्त्रक्रियेने काढावी लागली, असा वृत्तान्त २०२४ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आला आहे. तेव्हा अंग तापवल्यावाचून नाच नाही, दुखावलेल्या अंगाने नाच नाही आणि नुसत्या फरशीवर उड्या नाहीत, एवढे तरी शिक्षकाला कळले पाहिजे. ज्याला हे कळत नाही त्याच्या वर्गात मूल पाठवू नये.

दुसरा हिशेब रचनेचा. एका शिक्षकांनी मला विचारले, "बाई, मी बसवलेला नाच दुसऱ्याने जसाच्या तसा उचलला तर माझे काय?" शोध घेता असे दिसले, की १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात नाट्यकृतीच्या व्याख्येत नृत्यरचनाही येते, मात्र ती लेखनाने वा अन्य रीतीने नोंदून ठेवलेली असली पाहिजे. केवळ अंगात वसणारी रचना कायद्याला दिसत नाही. सुटी पावले कोणाच्याच मालकीची नसतात, जसे सुटे शब्द नसतात. परंतु शब्दांची कविता होते तशी पावलांची रचना होते. किती पावले जुळली म्हणजे रचना झाली, यावर अजून न्यायालयांत खल चालतो. अमेरिकेत काइल हानागामी या रचनाकाराने आपली पावले ‘फोर्टनाइट’ या संगणकीय खेळात वापरली गेली म्हणून २०२२ मध्ये दावा लावला. खालच्या न्यायालयाने तो काढून टाकला. नोव्हेंबर २०२३ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला.

कायद्याच्या आधीपासून या नाचाला स्वतःचा धर्म आहे. दुसऱ्याची पावले आपली म्हणून दाखवणे याला तेथे ‘बाइटिंग’ म्हणजे चावणे म्हणतात, आणि तो सर्वांत मोठा कमीपणा मानला जातो. आपल्याकडे गवई गुरूचे नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतो. घराण्याची ती रीत आणि ब्राँक्सच्या गल्लीतली ही रीत यांचा अर्थ एकच आहे. जे घेतले ते कोणाकडून घेतले ते सांग, आणि मग त्यात स्वतःचे काहीतरी घाल.

तिसरा हिशेब शिकवण्याचा. आणि खरे पोट येथेच भरते. तिघांनीही मला हेच सांगितले. कार्यक्रम कधी मिळतो, कधी नाही. लग्नसराई वर्षातून थोडे महिने. दूरदर्शन वाहिन्यांवरील स्पर्धेत नाव झाले तरी ते पुढच्या स्पर्धेपर्यंतच राहते. महिन्याच्या महिन्याला येतात ते वर्गाच्या फीचे पैसे. मे महिन्यात शिबिरे असतात, जून-जुलै कोरडा जातो आणि दिवाळीनंतर शाळांची स्नेहसंमेलने सुरू झाली म्हणजे श्वास घेण्यास फुरसत नसते. "मग त्या दिवसांत बरे मिळत असेल," मी म्हणाले. त्यांतील एक तरुण शिक्षिका किंचित हसून म्हणाली, "बाई, गॅदरिंगचे पैसे शाळा मार्चनंतर देतात. काही देतही नाहीत. मुलांना शिकवलेत, त्याचे पैसे कसले, असे म्हणतात."

ती ज्या शाळेविषयी बोलत होती ती माझी शाळा नव्हती. परंतु माझ्या शाळेविषयी ती हे बोलू शकली असती. मंडपवाल्याचे, कर्णेवाल्याचे, अल्पोपाहाराचे पैसे आम्ही त्याच रात्री चुकते करतो. दीड महिना रोज दोन तास जिने पन्नास मुलांना उभे केले, तिला आम्ही नारळ देतो आणि टाळ्या वाजवतो. नाचून पोट भरते काय, हा प्रश्न आपण नाचणाऱ्याला विचारतो. त्याचे निम्मे उत्तर आपल्याच खिशात असते, हे मला तिच्यासमोर बसले असताना उमगले.

शिकवणे म्हणजे तरी काय? तिच्या वर्गात मी तासभर मागे बसले. प्रारंभी आरशासमोर एक ते आठ अशी मोजणी करून पावले घोटून घेतली. इतपत आमच्या कवायतीसारखेच होते. मग तिने आरशावर पडदा ओढला आणि मुलांना वर्तुळात उभे केले. या वर्तुळाला हे लोक ‘सायफर’ म्हणतात. एकेकाने मध्ये यायचे, थोडा वेळ नाचायचे आणि दुसऱ्याला जागा द्यायची. मोजणी नाही. एक बुजरी मुलगी आत आली, चार पावले टाकून गोंधळली आणि थांबली. वर्तुळातील मुले हसली नाहीत. त्यांनी टाळ्यांनी ठेका धरला. ती पुन्हा सुरू झाली. आरशात मुलाला स्वतःच दिसतो. वर्तुळात त्याला दुसरे दिसतात. मी वीस वर्षे वर्ग घेत आहे. पाठीमागे पाठ करून बसवलेल्या माझ्या वर्गात मुले एकमेकांची तोंडे पाहत नाहीत, हे मला त्या तासाला जाणवले.

या विद्येची परीक्षा कशी असते तेही पाहावे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ९ आणि १० ऑगस्टला ब्रेकिंगच्या स्पर्धा झाल्या. स्त्रियांत जपानची आमी आणि पुरुषांत कॅनडाचा फिल विझार्ड यांनी सुवर्णपदके मिळवली. गुण पाच गोष्टींना सारखे वाटलेले होते : तंत्र, पावलांचे भांडार, सफाई, संगीताची जाण आणि स्वतःची कल्पकता. आणि कोणते गाणे लागणार, हे नाचणाऱ्याला आधी ठाऊक नसते. प्रश्नपत्रिका ऐनवेळी उघडते आणि पाठांतर उपयोगी पडत नाही. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकच्या कार्यक्रमात मात्र हा नाच नाही. यावरूनही पालकांनी एक बोध घ्यावा. पदकाच्या भरवशावर आयुष्य बेतू नये. दार उघडते तसे मिटतेही.

माझे माहेर वसईचे. तेथून एका स्थानकावर नालासोपारा. मुंबईला कामाला जाणाऱ्यांची दाट वस्ती, लोकलगाडीची गर्दी, लहान खोल्या. त्या वसई-नालासोपाऱ्याच्या मुलांचा संघ सुरेश मुकुंद यांनी घडवला. २०१५ मध्ये सॅन डिएगो येथील जागतिक हिप-हॉप स्पर्धेत त्यांनी कांस्यपदक मिळवले. त्याच वर्षी त्यांच्या वाटचालीवर बेतलेला ‘ए.बी.सी.डी. २’ हा चित्रपट आला. त्या चित्रपटाची सुरुवात विजयाने होत नाही. दुसऱ्याची पावले चोरल्याच्या ठपक्याने होते. संघ बाद होतो, आणि मग स्वतःचे काही शोधण्यास लागतो. पुढे २०१९ मध्ये ‘द किंग्स’ या नावाने त्यांनी अमेरिकेतील ‘वर्ल्ड ऑफ डान्स’ ही स्पर्धा जिंकली. बक्षीस होते दहा लाख डॉलर. माहेरी गेले की लोक मला ती रक्कम सांगतात. मला त्या रकमेपेक्षा त्याआधीची वर्षे महत्त्वाची वाटतात. एवढ्या मुलांना वर्षानुवर्षे एकत्र ठेवणे, त्यांच्याकडून घोटून घेणे, पडलेल्याला उचलणे, हे शिक्षकाचे काम आहे. डॉलर त्या कामाच्या मागून आले.

आठ दिवसांनी मुलाचे वडील पुन्हा आले. या वेळी मुलगाही बरोबर होता. मी त्यांना सांगितले, की होय, पोट भरते. परंतु नुसत्या नाचून नव्हे. शिकवता आले, रचता आले आणि हिशेब ठेवता आला तर भरते. दहावी चांगली करावी लागेल. कारण वर्ग चालवणाऱ्याला पालकांशी बोलावे लागते, करार वाचावा लागतो, पावती फाडावी लागते. इंग्रजी नीट शिकावे लागेल. कारण या विद्येचा बराचसा इतिहास त्या भाषेत आहे. पदवी घेता घेता एखाद्या जाणत्या शिक्षकाच्या हाताखाली चार वर्षे काढावी, आणि चोविसाव्या वर्षी जमाखर्च मांडून पाहावा. वर्ग भरत नसेल तर दुसरे काम धरून नाच संध्याकाळी चालू ठेवावा. त्यात लाज नाही. पेटी शिकवणारे कितीतरी मास्तर आपल्याकडे दिवसा नोकरी करीत आले आहेत.

वडिलांनी सगळे ऐकून घेतले. मग मुलाकडे न पाहता म्हणाले, "आणि शिकवता येतंय की नाही ते कसं कळणार?"

प्रश्न माझ्यापेक्षा शहाणा होता. मी मुख्याध्यापकांकडे गेले. आता दर शनिवारी शाळा सुटल्यावर सभागृह दोन तास उघडे असते. तो मुलगा पाचवीच्या चौदा मुलामुलींना शिकवतो. ती नृत्यशिक्षिका महिन्यातून दोनदा येऊन त्याचे शिकवणे पाहते, आणि तिचे मानधन त्याच दिवशी तिच्या हाती पडते. तेवढी एक अट मी शिक्षकांच्या बैठकीत भांडून मान्य करून घेतली.

माझ्या जुन्या विद्यार्थ्यालाही मी निरोप धाडला होता. तो एका शनिवारी मुलीला घेऊन आला. बराच वेळ दाराशी उभा राहून पाहत होता. मुलांनी आग्रह केला तेव्हा हसून म्हणाला, "नको रे, आता गुडघे वाकत नाहीत." पण ठेका सुरू झाला तसा त्याचा उजवा पाय जागच्या जागी हलू लागला. त्याच्या ते लक्षात नव्हते. मी ते पाहिले आणि दुसरीकडे नजर वळवली. त्याची मुलगी मात्र केव्हाच बापाचे बोट सोडून वर्तुळात जाऊन उभी राहिली होती.